फ्लेक्सवरचा गुलाबी माणूस

आमगावात माझं फ्लेक्सचं छोटं दुकान आहे. डिझाइन मी करतो, छपाई गोंदियाला होते आणि दुपारच्या गाडीनं गुंडाळ्या येतात. वाढदिवस, नियुक्ती, जयंती, बारसं, तेरवी, ज्याला जे हवं ते. माणूस आहे त्यापेक्षा मोठा कसा दाखवायचा हे काम मी इतकी वर्षं करत आलोय, की रस्त्यानं समोरून कुणी आलं तरी त्याच्या मागे मला आपोआप उगवता सूर्य दिसतो. गिऱ्हाईक खुर्ची ओढून माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावतं आणि म्हणतं, "भैया, फेस थोडा ब्राइट कर देना." ब्राइट म्हणजे गोरा. मी करतो. गाल भरून काढतो, केस काळे करतो, मागे वाघ बसवतो. तालुक्यातल्या लोकांना त्यांचा चेहरा मीच देतो, असं मला वाटायचं. त्याचा गर्वही होता.

बायकोचं मोबाइलवरचं पेज चालायला लागलं तेव्हा तो गर्व आधी दुखावला. मग जे आलं ते गर्वापेक्षा वाईट होतं. त्याला सरळ नाव द्यायचं तर मत्सर. शेजाऱ्याचा, भावाचा, धंद्यातल्या माणसाचा मत्सर लोकांना समजतो. मला माझ्याच बायकोचा वाटत होता, आणि तिच्याशी बोलणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाचा.

पेज लेकीनं काढून दिलं. ती नागपूरला शिकते, सुट्टीत आली होती. तिची आई पडवीत तांदूळ निवडत बसली होती आणि निवडता निवडता काहीबाही बोलत होती, आदल्या दिवशी लग्नात कोणी किती जिलेब्या पदरात बांधल्या वगैरे. लेकीनं ते मोबाइलवर घेतलं आणि टाकून दिलं. दोन-चार दिवसांत भंडाऱ्याकडच्या, चंद्रपूरकडच्या, कुठल्या कुठल्या बायांनी ते पाहिलं. "अजून बोला वो ताई," असं त्या लिहू लागल्या. मग पेजला नाव हवं झालं. नाव तिनंच दिलं, 'सांगू का वो'. व्हिडिओची सुरुवात ती तशीच करते. सूप हातात घेते, दोनदा पाखडते आणि म्हणते, "सांगू का वो?"

पेजवर लावायला फोटो हवा होता. मी म्हटलं, हे माझं काम. दुकानात बसून मी तिच्यासाठी बॅनर केला, मनापासून केला. लग्नानंतरचा तिचा एक फोटो घेतला, ब्राइट केला, कपाळावरचे डाग काढले, मागे कमळं आणि धानाच्या लोंब्या टाकल्या आणि सोनेरी अक्षरांत लिहिलं : 'झाडीपट्टीची शान, हास्यसम्राज्ञी'. घरी येऊन दाखवला.

ती बघत राहिली. "हे कोन होय?"

"तू."

"मी अशी कदी होती?"

लेक म्हणाली, "बाबा, आईला पंचायत समितीला उभी करताय का?"

दोघी हसल्या. मीही हसलो, पण मला लागलं. शेवटी त्यांनी फोटो लावला तो फक्त तिच्या हातांचा, सूप धरलेल्या. बांगड्या, नखांत कोंडा, बस. मी म्हटलं, चेहराच नाही तर लोक ओळखतील कसे? ती म्हणाली, "ज्याले ओरखाचं तो ओरखते."

आणि लोकांनी ओळखलं. सूप दिसलं की कळायचं, ही तीच. मी आयुष्यभर वाघ आणि सूर्य लावत आलो, आणि तिला एक सूप पुरलं.

पण लोक व्हिडिओपेक्षा त्याच्या खालच्या बोलण्यासाठी जास्त यायचे. कुणी काही लिहिलं की ती उत्तर द्यायची, आणि उत्तर असं, की पुढचा माणूस पुन्हा लिहायचाच. कुणी लिहिलं, "वहिनी, तुमच्या कढीत मीठ दिसून नाई रायलं." ती : "मीठ दिसत नसते भाऊ, लागते. डोरे लावू नका, जीभ लावा." कुणा पोरानं लिहिलं, "काकू, तुमच्या घरी जवाई म्हणून येऊ का?" ती : "ये, पहिले भांडे घासून दाखव. पोरगी नंतर दाखवतो." एकजण होता, सुरतेला मिलमध्ये कामाला असलेला आमच्याकडचाच माणूस. त्यानं स्वतःच्या जागी कोंबड्याचा फोटो लावला होता. तो रोज काहीतरी लिहायचा. एकदा लिहिलं, "वहिनी, आज सकारपासून उपाशी हाव." तिनं लिहिलं, "कोंबडा लावून कोनी उपाशी रायते का? फोटोतलाच शिजवा." त्यावर लोक किती हसले! मी दुकानात एकटा बसून ते वाचलं, आणि मला हसू आलं तेव्हा मी तोंडावर हात धरला. कोणी बघत नव्हतं. तरी धरला.

सुरुवातीला त्या बोलण्यात मीही असायचो. 'आमचा बुढा' म्हणून. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि जरा वय झालं की त्याला बुढा म्हणतात. त्यात प्रेमही असतं आणि टोचणंही. "आमचा बुढा चटनी खाते, अना पानी मले मागते," असलं काहीतरी रोज. एका व्हिडिओत ती म्हणाली, "आमचा बुढा अख्ख्या तालुक्याले गोरा करून रायला, पन सवताले आंगधुनं म्हनलं का ताप येते."

दुसऱ्या दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक आलं. बसायच्या आधी नाक आक्रसून म्हणालं, "क्या भैया, आज नहाये कि नहीं?" मागचे दोघे खो-खो हसले. चहावाल्यानंही तेच म्हटलं. पेट्रोल पंपावरच्या पोरानंही.

त्या रात्री जेवताना मी तिला म्हटलं, "माझं नाव व्हिडिओत घ्यायचं नाही."

"नाव कोठी घेतलं? बुढा म्हनलं."

"तेच. मला त्यात आणायचं नाही. धंद्यावर परिणाम होतो."

तिनं माझ्या ताटात भात वाढला. "बरं," म्हणाली.

तिचं बरं म्हणजे बरंच असतं. त्या दिवसानंतर मी तिच्या बोलण्यातून गेलो. कुणी विचारलं, "वहिनी, बुढा दिसून नाई रायला?" तर तिनं लिहिलं, "गेला कामाले." पुढं कुणी विचारलंही नाही. नवीन लोक आले. त्यांना त्या पडवीत कधी बुढा होता हेच माहीत नव्हतं.

मी जिंकलो होतो. आणि काही दिवसांतच मला काय झालं ते सांगायला लाज वाटते. मी दुकानात कामं बाजूला ठेवून तिचं पेज उघडून बसू लागलो. नव्या व्हिडिओत मी कुठं आहे का ते बघायचो. एखादं "घरचे लोक म्हनतात" आलं, तर ते मला लागू आहे का, यावर विचार करायचो. मग खालची बोलणी वाचायचो, कुणाला किती लांब उत्तर दिलं, कुणाच्या उत्तराला हसणारं तोंड लावलं. कोंबड्याला सगळ्यांत लांब उत्तर मिळायचं. गिऱ्हाईक आलं की मी झटकन खिडकी बंद करायचो, जणू नको ते बघत होतो.

त्याहून वाईट म्हणजे तिच्याबद्दलच्या कितीतरी गोष्टी मला तिथंच कळल्या. तिचं माहेर चोरखमारा तलावाच्या कालव्याखालच्या एका गावात. लहानपणी ती कालव्यात पडली होती आणि म्हशीचं शेपूट धरून बाहेर आली, हे मी, तिच्या नवऱ्यानं, नागपूर, सुरत, रायपूरच्या लोकांसोबत पाहिलं. घरी येऊन म्हटलं, "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगतलं होतं. तुमी अक्षरं निवडून रायले होते."

ते खरं असणार. मला आठवलं नाही, पण असणारच. ती घरी बोलायची तेव्हा मी बहुतेक वेळा कुठल्या तरी भावी सदस्याच्या नावाला सावली देत असायचो.

आता ती माझ्याशी बोलायची ते कामापुरतं. भाजी कोणती, गॅस संपला, लेकीचा फोन आला होता. मी एखादा विनोद करून बघायचो. ती ऐकून घ्यायची. मग तिचा मोबाइल वाजायचा, ती वाचायची, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलायचं. ते हलणं माझ्यासाठी नव्हतं. मला तेच हवं होतं, तिचं ते बोलणं, मला टोचणारं, माझ्यावर हसणारं. मीच ते बंद केलं होतं, आणि पुन्हा सुरू कर म्हणायला तोंड नव्हतं.

दिवाळी झाली. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. ज्या गावची मंडई असेल त्या दिवशी त्या गावच्या लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, दुकानं लागतात, आणि कोणाच्याही दारात गेलं तरी माणूस उपाशी परत येत नाही. मंडईच्या आठवड्यांत माझ्या दुकानात उभं राहायला जागा नसते. प्रत्येक गावाच्या वेशीवर 'मंडईनिमित्त आलेल्या पाहुण्यांचे हार्दिक स्वागत' हवंच.

तिच्या माहेरच्या गावची पोरं आली. त्यांना तिचा फ्लेक्स हवा होता.

"जीजा, या वर्षी पुढारी नाई पायजे. आमच्या बाईचा लावाचा. मधात बाई, हातात सूप, वर लिवा, 'आमच्या गावची लेक.' अना खाली आमाले टाका, लहान लहान."

मी म्हटलं, करतो. पोरं आपापले फोटो पाठवून निघून गेली.

ते डिझाइन करायला एरवी मला अर्धा तास पुरला असता. मी दुपारभर बसलो. तिला मधोमध ठेवलं. या वेळी तिचा चेहरा मी ब्राइट केला नाही, एवढं शहाणपण आलं होतं. ती जशी आहे तशी, सावळी, घामेजलेली, सूप घेऊन हसत. चांगली दिसत होती. मग मला उजवीकडची जागा मोकळी वाटू लागली. फ्लेक्सवाल्याला मोकळी जागा सहन होत नाही, असं मी स्वतःला समजावलं. बॅलन्स जमत नाही, असंही समजावलं. तिला थोडं डावीकडे सरकवलं. आणि उजव्या बाजूला, तिच्याच उंचीचा, मी मला बसवलं.

माझा फोटो ब्राइट केला. हात सवयीनं चालत गेला. केस काळे केले, कपाळ कमी केलं, गाल भरले, डोळ्यांखालचं सगळं पुसलं. पांढरा सदरा चढवला, आणि हात जोडलेले. खाली काहीच लिहिलं नाही. नाव नाही, नातं नाही. मला वाटलं, बाजूला उभा आहे म्हटल्यावर लोकांना कळेलच.

तिला मी काही सांगितलं नाही. पोरांनाही नाही. गुंडाळी थेट गोंदियाहून तिच्या भावाकडे पाठवून दिली.

मंडईच्या दिवशी आम्ही मोटरसायकलनं गेलो. धान कापणीला आलेलं, कुठं कापून शेताच्या बांधीत पसरलेलं, कुठं पेंढ्यांचे पुंजणे रचलेले. वाटेत ती मागे बसून धानाकडे बघत होती. मी आरशात बघत होतो. आपण काय बघणार आहोत ते तिला माहीत नाही, याचा मला पोरकट आनंद होत होता.

वेशीवर बांबूची कमान होती आणि कमानीच्या एका अंगाला, पार जमिनीपर्यंत उतरलेला, तो उंच फ्लेक्स. तिनं मान वर केली. मी गाडी हळू केली. पुढं गेल्यावर एवढंच म्हणाली, "सिंगाडे घ्या जरासे." माहेरच्या बाया आल्या, तिला ओढून घरात घेऊन गेल्या, आणि मी कमानीपाशी परत आलो. मला बघायचं होतं.

बघायला बरंच होतं. कुठून कुठून लोक आले होते आणि तिच्या फ्लेक्ससमोर उभे राहून सेल्फी काढत होते. पण तिच्या चेहऱ्यापुढं कुणाला उभं राहायचं नव्हतं, ती दिसायला हवी होती. म्हणून सगळे माझ्या बाजूला उभे राहायचे. एक जाडा माणूस बायकोसह माझ्या छातीपुढं. तीन पोरी माझ्या तोंडापुढं. एका म्हाताऱ्यानं तर नातवाला खांद्यावर घेतलं ते बरोबर माझ्या कपाळापर्यंत. मी सिंगाड्यांची पिशवी धरून उभा होतो आणि माझा चेहरा पुन्हा पुन्हा झाकला जात होता.

मग एक माणूस आला. चाळिशीचा, अंगावर प्रवासातली धूळ, सोबत बायको आणि म्हातारी आई. त्यानं माझ्याकडे मोबाइल पुढं केला. "दादा, एक फोटो काढता का? सुरतेवरून आलो. वहिनीनं व्हिडिओत मंडईले या म्हनलं, मंग कसा नाई येनार?"

कोंबडा. मी मनात त्याला किती वेळा, किती तऱ्हेचा रंगवला होता. हा तर हाफ बाह्यांचा शर्ट घातलेला, लाजाळू, आईचा हात धरून उभा असलेला माणूस. मी मोबाइल घेतला. तो आईला घेऊन माझ्या चित्रापुढं उभा राहिला. मी दोन फोटो काढले.

मोबाइल परत घेताना त्यानं मागे वळून वर पाहिलं. "दादा, वहिनीच्या बाजूले हा कोन होय? पुढारी आहे का इथला?"

त्याच्या बायकोनं पाहिलं. "काऊन एवढा गुलाबी हाये वो?"

मला म्हणता आलं असतं, मी आहे तो. ते माझ्याकडे बघत होते, अगदी सरळ, आणि त्यांना मी तो वाटत नव्हतो. मी इतकं चांगलं काम केलं होतं. मी म्हटलं, "माहीत नाही बुवा."

"नाई कसं माहीत?"

ती कधी येऊन मागे उभी राहिली होती मला कळलं नाही. तिच्याभोवती दहा-बारा बाया. कोंबडेवाल्यानं तिला पाहिलं आणि एकदम हात जोडले, "वहिनी!" ती त्याच्या आईच्या पाया पडली, त्याला म्हणाली, "आले का? कोंबडा आनला का?" तो लाजून हसला. सगळे हसले. मग तिनं माझ्याकडे हात केला.

"हा माहा बुढा. यानं फोटो काढला नं तुमचा?"

"हे?" तो माणूस दोन पावलं मागे सरकला, माझ्याकडे पाहिलं, वर फ्लेक्सकडे पाहिलं. "अना तो?"

ती फ्लेक्सकडे बघत राहिली. "तो मले नाई माहीत," म्हणाली. "मी त्या मानसाले ओरखत नाई. कोनं उभा केला माह्या बाजूले, देव जाने."

बाया हसल्या. मीही हसायला हवं होतं. मी म्हटलं, "पोरांनीच सांगितलं होतं," आणि ते म्हणत असताना पोरं शेजारीच उभी आहेत हे मला दिसलं. एकाचं तोंड उघडंच राहिलं. तिनं त्या पोराला काही बोलू दिलं नाही. "चला जेवाले," म्हणाली, "सगडे चला. सुरतवाले, तुमी पहिले."

कोंबडेवाल्याच्या पंक्तीला मीच वाढलं. त्याच्या आईनं मला जवळ बोलावून विचारलं, "बाबू, तू एवढा चांगला दिसतं, मंग तो दुसरा कायले लावला गा?" मी तिला आणखी एक वडा वाढला.

संध्याकाळी सासुरवाडीच्या अंगणात ती एकटी सापडली, भांडी मांडत होती. मी जवळ गेलो.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"काय चुकलं?"

"विचारायला हवं होतं."

ती भांडी मांडत राहिली. "तुमी म्हनलं, मले काढ. मी काढलं. आता सवताच येऊन उभे रायले, अना तेबी दुसऱ्याच मानसाचं तोंड लावून." मग थांबली. "पोराइचं नाव कायले घेतलं?"

ते तिनं विचारलं तेव्हा मला सगळ्यांत जास्त लाज वाटली. मी म्हटलं, "मला हेवा वाटतो."

"कोनाचा?"

"त्यांचा. तू ज्यांना उत्तरं देतेस त्यांचा."

तिनं माझ्याकडे पाहिलं, भांडं हातात धरून. ती हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही. "बरं," म्हणाली. या वेळच्या 'बरं'मध्ये काय होतं, मला कळलं नाही.

मंडई उरकली तरी आम्ही त्या रात्री तिथंच राहिलो. सकाळी उठलो तर आभाळ भरून आलं होतं. कापलेलं धान, रचलेला पुंजणा, आणि अवकाळी ढग. तिचा भाऊ घाईघाईनं कमानीवरून फ्लेक्स सोडवून घेऊन आला. आमच्याकडे जुन्या फ्लेक्सचा शेवट असाच होतो, पुंजण्यावर. माझी कितीतरी माणसं, वाघ आणि सूर्यासकट, तालुक्यातल्या धानावर झोपली आहेत. "भाऊजी, धरा तं," तो म्हणाला. मी एक टोक धरलं. फ्लेक्स मोठा आणि पुंजणा लहान, म्हणून आम्ही दुमडला. तिची बाजू आत गेली, माझी वर आली. चहूकडून दगड बांधले. गुलाबी माणूस हात जोडून ढगांकडे बघत होता.

ती बांधावर उभी होती. मोबाइल हातात. आधी पुंजण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"घेऊ का याले व्हिडिओत?"

मी दगडाची दोरी आवळत राहिलो.

"इचारून रायली. नाई म्हना तं नाई घेत."

"घे," मी म्हटलं.

तिनं सूप आणलं नव्हतं. भावाच्या खळ्यातलं घेतलं, दोनदा पाखडलं. "सांगू का वो? आमच्या बुढ्यानं सवताले गोरा केलं. एवढा गोरा केलं का मलेच ओरखू नाई आला. मंग म्हनलं, इथं काय करते, जाय, धान राख. पाहा आता, राखून रायला." तिनं मोबाइल वर केला. माझं ते तोंड, कोपऱ्यात एक दगड, आणि वर पहिले थेंब.

आम्ही परतलो. दुकानात बसून मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला ते लिहीत नाही. खाली लोकांनी त्या गुलाबी माणसाला डोक्यावर घेतलं होतं. "बुढ्याले भिजू नका देऊ वहिनी." "आमच्या पुंजन्यावर पन पाठवा." कोंबडेवाल्यानं लिहिलं होतं, "वहिनी, खरे दादा यापेक्षा बरे दिसते. वडे पन चांगले वाढते." तिनं त्याला लिहिलं, "वाढाले चांगले, आंगधुन्याले नाई." मी पुन्हा तिथं होतो. मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण मला त्या चित्रातल्या माणसाचाही हेवा वाटला. एका सकाळीत त्याच्यावर सगळे प्रेम करू लागले होते, आणि तो तर मी केलेलं खोटं तोंड होता.

मग दोन दिवसांनी मी धीर केला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या व्हिडिओखाली माझ्या स्वतःच्या नावानं लिहिलं. बराच वेळ काय लिहावं ते सुचेना. शेवटी लिहिलं, "आज कढीत मीठ कमी होतं." सकाळच्या कढीत खरोखरच कमी होतं.

माझ्या वरच्याला उत्तर आलं. माझ्या खालच्याला आलं. मला आलं नाही. मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट बघितली, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मध्ये बघितली. सुरतेला उत्तर गेलं, रायपूरला गेलं.

घरी जेवायला बसलो तेव्हा राहवलं नाही. "माझ्या कमेंटचं उत्तर दिलं नाहीस."

"पायलं मी."

"मग?"

तिनं कढीचं भांडं पुढं ठेवलं. "दुकानात बसून कढीचं लिवता, अना ताटावर बसून मुकाट्यानं खाता. इथं म्हना नं. इथं देईन उत्तर."

मला एकदम अवघडल्यासारखं झालं. समोर फक्त तीच होती. मी कढी भातावर घेतली, खाल्ली. आजही मीठ कमी होतं. कालच्यापेक्षाही कमी.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं.

"कमी नाई," ती म्हणाली. "नाईच टाकलं. तीन दिवस झाले, कमी कमी करून रायली. पाहाचं होतं, हा मानूस बोलते का नाई."

आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात ते हलणं आलं. मोबाइल आत कुठंतरी होता, वाजतही नव्हता. मग ती मोठ्यानं हसली, मिठाची बरणी माझ्याकडे सरकवली, आणि माझं बिनमिठाचं तोंड कसं झालं होतं ते मला करून दाखवलं. मी इतका हसलो की ठसका लागला.

"हे सांगशील व्हिडिओत?" मी विचारलं.

"नाई. हे घरचं होय."

दुपारी दुकानात जाऊन मी पेज उघडलं. कढीचं काही नव्हतं. तिनं सांगितलं नव्हतं, जसं म्हणाली होती तसं. तरी संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी मी आणखी एकदा बघितलं.